हत्ती बंद, तर होल्डर बंद

पोंभुर्ण्यात रंजीता बुरांडेला लोक भांडखोर म्हणायला लागले ते एका ताडपत्रीवरून. त्याआधी तिला 'वेल्डिंगवाली बाई' म्हणत, आणि त्याच्याही आधी नुसतंच 'मुखरूची मोठी'.

मुखरूची धानाची चार एकर शेती, गाव जंगलाला लागून. बारावीनंतर आयटीआयचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा गावातल्या सगळ्या पोरींनी शिवणकामावर खूण केली. रंजीतानं वेल्डरवर केली. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज उलटासुलटा करून पाहिला.

"पोरी, चुकून झाली का खूण?"

"नाई साहेब. पाहूनच केली."

घरी आल्यावर आई, भागीरथा, डोक्याला हात लावून बसली. ठिणग्यांनी तोंड काळं होईल, डोळे जातील, कोण करून घेईल हिला? मुखरूनं मात्र एवढंच विचारलं, "काऊन वं, हेच काऊन?"

"फाळ मोडला का तुमी पोंभुर्ण्याले जाता. अख्खा दिवस मोडते. मी घरीच जोडून देईन."

मुखरूला ते पटलं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत तिनं खरोखर बापाचा मोडका फाळ जोडून दिला, आणि तो तीन हंगाम चालला.

कोण करून घेईल, हा भागीरथेचा प्रश्नही आपोआप सुटला. प्रणित नावाचा टेम्पोवाला रंजीता जिथं काम शिकत होती त्या दुकानात आला. टेम्पोच्या डिझेलच्या टाकीला भेग पडली होती, ती झाळून पाहिजे होती, आणि लगेच. दुकानदार म्हणाला, टाक गं चार थेंब. रंजीतानं हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. "टाकी खाली कर, पाण्यानं धू, वाळव, मंग ये." प्रणित चिडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी धुतलेली टाकी घेऊन आला. मग काही काम नसतानाही येत राहिला.

लग्नानंतर आठ-नऊ महिने तिनं कोरपन्याकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली काम केलं. सिमेंटच्या कारखान्याची वार्षिक दुरुस्ती होती. तिथं एका दिवशी तिला जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपांवर, बंद जागेत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम पडलं. घरी आली तर तोंडात तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव. भर मे महिन्यात दोन गोधड्या अंगावर, तरी दात वाजत होते. प्रणितला वाटलं मलेरिया. सकाळी ताप आला तसा गेला.

तिथला फोरमन इसरू, अहेरीकडचा माणूस, बोलायला कमी. त्यानं तिचं तोंड पाहूनच ओळखलं.

"जस्ताचा धूर खाल्ला तू. उद्या परवा काई वाटणार नाई. म्हणूनच लोक पुन्हा खातात."

मग त्यानं तिला तिथलं धूर ओढायचं मशीन दाखवलं. चाकांवरचा डबा, त्याला वाकवावी तशी वाकणारी सोंड, सोंडेच्या टोकाला गाळणीसारखं तोंड. इसरूनं तिला जोडकामाजवळ बसवलं, सोंडेचं तोंड वीतभर अंतरावर, तिच्या समोरच्या बाजूला, थोडं वर धरलं.

"सगळे जोडाचा टाका पाहतात, धुराले कोणी पाहत नाई. तू दोन्हीकडं पाह्य. धूर तुह्या नाकाच्या आधी मशीनले भेटला पायजे. सोंड तुह्या मागं ठेवशील तर धूर तुह्या तोंडावरून जाईन. दूर ठेवशील तर नुसता आवाज होईन."

हे तिनं पक्कं लक्षात ठेवलं. मुलगी झाली, उर्वशी नाव ठेवलं, कोरपना सुटलं, आणि दोन वर्षांनी रंजीता पोंभुर्ण्याच्या साझा शेडमध्ये चौथी सभासद म्हणून आली.

शेड म्हणजे बंद पडलेल्या राइस मिलचं गोदाम. चौघांनी मिळून घेतलेलं, एकच वीजमीटर, चार कोपऱ्यांत चौघांची कामं. आदेश अध्यक्ष. चाळिशीचा, बोलण्यात तरबेज, बाहेरची कामं तोच धरून आणायचा, वेल्डिंगही करायचा. गुलाब कापायचं आणि घासायचं काम करायचा. आणि इनायतभाई, साठी ओलांडलेले, सगळ्यांत जुने. त्यांचा टाका म्हणजे शिंपल्यावर शिंपला ठेवल्यासारखा एकसारखा. आदेशही त्यांच्यापुढं आवाज चढवत नसे.

शेडच्या मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. त्यावर सिमेंटची पोती, जुने टायर. पहिल्याच आठवड्यात रंजीतानं विचारलं, तर आदेश म्हणाला, "सरकारी योजनेतून आलं होतं. धूर ओढते म्हणे. तो हत्ती कोण सांभाळन? इथी हवा खेळती हाय आपली."

उन्हाळ्यात ते खरंही होतं. दोन्ही शटर उघडी असत, वारा आरपार. रंजीता आपली वाऱ्याकडे कड करून बसायची आणि गप्प राहायची.

मग डिसेंबर आला आणि आदेशनं मोठं काम आणलं. जंगलाकाठच्या गावांना शेताच्या कुंपणासाठी लोखंडी फाटकं. शेकड्यानं. सगळा पाइप जस्ताच्या मुलाम्याचा, म्हणजे गंजायचं नाव नाही. सकाळी थंडी एवढी की गुलाबनं दोन्ही शटर खाली ओढली. तीन होल्डर एकदम सुरू झाले आणि दहा मिनिटांत शेडमध्ये पांढरा धूर असा भरला की समोरच्या कोपऱ्यातला माणूस दिसेना. कापसाच्या तंतूसारखी पांढरी राख पाइपावर, बाह्यांवर, चहाच्या ग्लासात.

त्या संध्याकाळी गुलाब थरथर कापायला लागला. इनायतभाईंनी खिशातून गुळाचा खडा काढून त्याला दिला. "खा. अन् घरी जाऊन दूध पी. लोखंडाचा ताप हाय, सकाळी उतरते. आपल्या धंद्यात हे चालतेच, बेटा."

"लोखंडाचा नाई, जस्ताचा," रंजीता म्हणाली. "अन् गुळानं धूर बाहेर येत नाई, भाई. गूळ पोटात जाते, धूर छातीत."

इनायतभाई हसले. "तीस वर्षं गुळावरच काढली, बेटी."

सकाळी गुलाब ठणठणीत उभा होता, त्यामुळं इनायतभाईच बरोबर ठरले. बाजाराच्या सुट्टीनंतर पुन्हा काम सुरू झालं त्या दिवशी गुलाब पुन्हा कापला, आणि आदेशही घरी लवकर गेला. थंडी बाधली म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रंजीता सगळ्यांच्या आधी आली. पोती बाजूला केली, टायर ढकलले, आणि ताडपत्री ओढली.

आत उंदरांनी संसार थाटला होता. सोंडेत धानाचा भुसा, चिंध्या, पिल्लंसुद्धा. तिनं पिल्लं मागच्या गवतात नेऊन सोडली. गाळणीचा डबा उघडला तर आतल्या कागदी घड्या धुळीनं दगड झालेल्या. गुलाब तोवर आला होता. तो हवेचा पाइप घेऊन पुढं आला, "सरक, फुंकून देतो."

"फुंकू नको!" ती ओरडली. "सगळ्यांच्या नाकात जाईन ते." तिनं मास्क बांधला, डबा अंगणात नेला, जुनी गाळणी ओल्या पोत्यात गुंडाळून बांधली, आतून ओल्या फडक्यानं पुसून काढलं. नवी गाळणी चंद्रपूरला मिळाली. प्रणित धानाची पोती टाकून परत येताना घेऊन आला. देताना बायकोला म्हणाला, "आदेशले विचारलं का तू?"

"धूर ओढाले विचारा लागते काय?"

"मी आपलं सांगून ठेवलं."

मशीन सुरू झालं तेव्हा आवाज खरोखर हत्तीसारखाच झाला. रंजीतानं पाइपाच्या जोडावर सोंड धरली, टाका पेटवला, आणि गुलाबनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं: पांढरा धूर उठला, वाकला, आणि ओढ्याचं पाणी बोगद्यात शिरावं तसा सोंडेत शिरला. रंजीताच्या तोंडावरच्या काचेसमोर हवा स्वच्छ होती.

"अरे बापरे," गुलाब म्हणाला.

पण बापरे म्हणणं वेगळं आणि रोज वापरणं वेगळं. फूटभर जोडलं की सोंड सरकवावी लागे. आदेशचं म्हणणं, त्यात वेळ जाते. आवाजात फोन ऐकू येत नाही. मशीन आणि कटर एकदम लावलं की बटण खाली पडे आणि अख्खं शेड अंधारात. एकदा गुलाब घासायचं मशीन घेऊन सोंडेजवळच बसला आणि ठिणग्यांचा फवारा थेट सोंडेत. रंजीतानं धावत जाऊन हत्ती बंद केला. "आत कागद हाय, गुलाब! पेटला तर आपलंच शेड जाईन. घासणं त्या कोपऱ्यात, याच्यापासून दूर." गुलाबनं तोंड वाकडं केलं. आता या बाईनं बसायची जागाही ठरवायची.

चौथ्या दिवशी ते झालं. रंजीता फाटकाच्या बिजागरीचा टाका घालत होती, आणि मध्येच आवाज थांबला. धूर सरळ वर आला आणि काचेखालून तिच्या तोंडात शिरला. तिनं काच वर केली. आदेश हत्तीची वायर काढून कटरची वायर लावत होता.

"दोन मिनिटं, बाई. दोन पाइप कापतो."

रंजीतानं होल्डर खाली ठेवला. हातमोजे काढले.

"आदेशभाऊ, मी टाका घालून राह्यली होती."

"मंग घाल नं. कोण धरलं?"

"हत्ती बंद, तर माहा होल्डर बंद."

इनायतभाईंचा होल्डर आणि गुलाबचं घासणं, दोन्ही थांबलं. आदेशनं इकडंतिकडं पाहिलं. चार माणसांसमोर अध्यक्षाला असं कुणी बोललं नव्हतं.

"हे पाह्य रंजीता, इथी सगळे माणसं तेच काम करून राह्यले. कोणाले काई होत नाई. बाई माणूस हाय, तुले नाजूक वाटते, समजतो मी. तुले नाई जमत तर घरी बस चार दिवस. पण माहं काम अडवू नको."

"नाजूक?" रंजीता म्हणाली. "त्या दिवशी गोधडीत कोण कापून राह्यलं होतं? मी का तुमी?"

आदेशचा चेहरा लाल झाला. त्यानं तिथल्या तिथं सभा घेतली. सभा म्हणजे तो स्वतः, गुलाब आणि इनायतभाई. गुलाब खाली मान घालून आदेशच्या बाजूनं म्हणाला, काम वेळेवर गेलं पाहिजे. इनायतभाईंकडे रंजीतानं पाहिलं. ते आपल्या हातांकडे पाहत म्हणाले, "काम उरकू दे, बेटी. मंग पाहू."

तिला सगळ्यांत जास्त तेच लागलं.

"ठीक हाय," ती म्हणाली. "शेड चौघांचं, तसं अंगणही चौघांचं."

तिनं आपलं वेल्डिंग मशीन ओढत बाहेर नेलं. कडुलिंबाखाली जागा साफ केली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांत प्रकाश जाऊ नये म्हणून तीच ताडपत्री दोन बांबूंना बांधून रस्त्याच्या बाजूनं आडोसा केला. वारा डाव्या बाजूनं येत होता, तशी ती बसली. धूर उजवीकडे शेताकडे जात होता. थंडीत बोटं आखडायची, दव पडलेला पाइप आधी फडक्यानं कोरडा करावा लागायचा. तिची फाटकं आतल्यांपेक्षा कमी व्हायची. पण व्हायची.

पोंभुर्णा लहान गाव. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत झालं की बुरांडेबाईला शेडमधून हाकललं. भागीरथा गावाहून फोन करून रडली. रंजीता म्हणाली, "मले कोणी हाकललं नाई, आई. मी निघाली." प्रणित रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "अजून किती दिवस?" तिलाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी इनायतभाई बाहेर आले. शेडच्या दारापासून कडुलिंबापर्यंत पंचवीस-तीस पावलं. तेवढं चालून ते बुंध्याला टेकले आणि श्वास घेत राहिले. रंजीतानं टाका पुरा केला, काच वर केली, आणि पाहत राहिली. रोज त्यांच्याबरोबर काम करूनही तिनं हे कधी असं पाहिलं नव्हतं, कारण आत ते जागचे हलतच नसत.

"भाई, एक विचारू? माह्या लग्नात बँड तुमचा होता. तुमी क्लॅरिनेट वाजवली होती. आमचा प्रणित अजून सांगते, वरात वेशीपासून मांडवापर्यंत आली, पण तुमचा सूर तुटला नाई म्हणून. मंग सोडलं काऊन?"

"दात हलले माहे. दाताशिवाय नाई वाजत ते."

"दात तर हायत तुमचे. काल चणे खात होते."

इनायतभाईंनी तोंड फिरवलं. रस्त्यावरून एक बैलबंडी गेली.

"शेवटच्या लग्नात," ते म्हणाले, "मूल गावच्या एका वरातीत, चार ओळीत मी तीनदा थांबलो. पोरं हसली. नवरदेवाचा बाप म्हणाला, चाचा थकले. घरी येऊन मी ती पेटीत ठेवली अन् अंजुमच्या अम्मीले सांगितलं, दात हलते." त्यांनी छातीवर हात ठेवला. "इथी काई तरी झालं हाय, मले ठाऊक हाय. डॉक्टरकडं गेलो नाई. गेलो तर तो धंदा सोड म्हणन."

"अन् तरी तुमी म्हणाले, काम उरकू दे."

"हो," इनायतभाई म्हणाले. "म्हणालो."

ते उठले आणि हळूहळू परत आत गेले. रंजीताला वाटलं, संपलं. तिला त्यांचा राग आला आणि स्वतःचाही आला, म्हाताऱ्याला असं उघडं पाडल्याचा.

अर्ध्या तासानं शेडच्या दारातून खडखडाट ऐकू आला. इनायतभाई आपलं वेल्डिंग मशीन ओढत बाहेर येत होते. मध्ये दोनदा थांबले. रंजीता उठून धावली तेव्हा त्यांनी हातानं अडवलं. स्वतःच आणून तिच्या शेजारी, एकाचा धूर दुसऱ्यावर जाणार नाही असं लावलं, आणि स्टुलावर बसून म्हणाले, "तू तिकडून सुरू कर, मी इकडून. मध्ये भेटू."

आदेश दारात येऊन उभा राहिला. "भाई, तुमी बी?"

"हत्ती बंद, तर होल्डर बंद," इनायतभाई म्हणाले, आणि काच खाली ओढली.

आता आदेशची खरी पंचाईत झाली. फाटकाची चौकट कुणीही जोडेल, पण बिजागऱ्या आणि कुलपाची कडी इनायतभाईंच्या हातची नसेल तर फाटक लोंबतं, हे त्यालाही माहीत होतं. त्यात दुसऱ्या सकाळी गुलाबची बायको दीपिका शेडवर आली. गुलाब मागं मागं, रुमालात तोंड लपवत.

"अध्यक्षसाहेब कुठी हायत?" दीपिकानं विचारलं. आदेश समोरच होता. "तुमीच का? पंधरा दिवसांत तीनदा या माणसाले मी दोन गोधड्यांखाली दाबून धरलं. दात एवढे वाजत होते, पोरं उठून रडली. त्या बाईचं मशीन हाय म्हणतेत, चालते म्हणतेत, मंग लावत काऊन नाई? का आता मीच येऊन लावू?"

गुलाब पुटपुटला, "मी सांगणारच होतो."

"तू गप राह्य," दीपिका म्हणाली.

आदेश थोडा वेळ अंगणात फेऱ्या मारत राहिला, मग कडुलिंबाखाली आला. उभा राहूनच म्हणाला, "चल बाई, आत चल. लाव तुहा हत्ती."

रंजीता उठली नाही. "असा नाई लावत. उद्या तुमी पुन्हा वायर काढसान."

"मंग काय पायजे तुले?"

तिनं बसल्या बसल्या सांगितलं. हत्तीला वेगळी लाइन, वायरमन बोलावून, म्हणजे कटर त्याच्या वाटेला जाणार नाही. जस्ताचा पाइप जोडायच्या आधी जोडाच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं मुलामा घासून काढायचा, तोही बाहेर, मास्क बांधून. किती का थंडी असेना, मागचं शटर अर्धं उघडं. पंखा कुणी आपल्या बाजूनं फिरवायचा नाही, नाहीतर एकाचा धूर दुसऱ्याच्या नाकात. आणि सोंड एक, होल्डर तीन, म्हणून दुसरी सोंड येईपर्यंत जस्ताचं काम एका वेळी एकानंच, सोंडेखाली.

"एका वेळी एकानं?" आदेश किंचाळला. "फाटकं पुरी होतीन कवा?"

"बाकीचे तोवर कापतीन, घासतीन, सांगाडा लावतीन. बसून कोण राहते? अन् नाई पुरी झाली, तर उशिरा होतीन. पण होतीन."

आदेशनं इनायतभाईंकडे पाहिलं. इनायतभाई रॉड तपासत होते. आदेश म्हणाला, "बरं," आणि तो शब्द काढताना त्याला किती जड गेलं ते सगळ्यांना दिसलं.

वायरमन आला, लाइन झाली. हत्तीची मागची हवा बाहेर सोडायला रंजीतानं भिंतीला भोक पाडून पाइप काढला. सगळं आपल्या मनासारखं झालं म्हणून ती खुशीत होती, तोच मागून मलिकाबी आली. भिंतीपलीकडं तिची चहाची टपरी होती.

"काय गं, तुह्या छातीतला धूर काढून माह्या चहात सोडला का तू? गिऱ्हाईक उठून गेले दोन!"

"गाळून येते ती हवा, मावशी. साफ असते," रंजीता तडकून म्हणाली.

"साफ हाय तर पाइप आतच ठेव नं. बाहेर काऊन काढला?"

रंजीतानं भिंतीतून निघालेल्या पाइपाकडे पाहिलं. आदेश गालातल्या गालात हसत होता, तेही तिला दिसलं. तिनं शिडी आणली आणि संध्याकाळपर्यंत पाइप छपराच्या वर चढवला. मलिकाबीनं खालून पाहिलं, मान हलवली, आणि रंजीता शिडीवरून उतरली तेव्हा तिला चहा दिला. त्याचे पैसे मात्र घेतले.

फाटकं पाच दिवस उशिरानं गेली. आदेशनं फोनवर पार्टीला थंडीचं, मग विजेचं, मग आणखी कशाकशाचं कारण सांगितलं. मशीनचं कारण सांगायला त्याला लाज वाटत होती. पण त्या महिन्यात गुलाबला पुन्हा ताप आला नाही. दीपिका रस्त्यात भेटली की रंजीताला 'बाई' म्हणायची आणि पिशवीत हरभऱ्याची भाजी टाकायची.

इनायतभाई आपल्या लेकीबरोबर, अंजुमबरोबर, चंद्रपूरला छातीच्या डॉक्टरकडे जाऊन आले. फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. गेलेलं परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले, पण आहे ते राखता येईल. धूर बंद. इनायतभाई आता दिवसातून तीनच तास येतात, खुर्ची दाराशी टाकून, आणि फक्त कड्या-बिजागऱ्या करतात, त्याही सोंड लावूनच. रंजीता कधीकधी टाका घालताना त्यांच्याकडे पाहते आणि तिला वाटतं की हे दहा वर्षं आधी कुणी तरी ओरडायला पाहिजे होतं. असं वाटलं की तिचा आवाज दिवसभर चढलेला राहतो आणि गुलाबला विनाकारण बोलणी बसतात.

मार्चमध्ये योजनेच्या कार्यालयातून साहेब आले, दिलेली मशीनं वापरात आहेत की नाहीत ते पाहायला. आदेशनं शेड झाडून घेतलं, हार आणला, खुर्च्या मांडल्या. साहेब भला माणूस होता. हत्ती चालू पाहून त्याला खरोखरच आनंद झाला. जिल्ह्यात अशी बरीच मशीनं ताडपत्रीखाली पाहिली, म्हणाला. मग आदेशनं त्याला दोन शब्द बोलायची विनंती केली.

रंजीता एका पाण्याच्या टाकीच्या स्टँडचा जोड घालत होती. जोड निम्म्यावर आला होता.

आदेश वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "रंजीताबाई, जरा बंद कर. साहेबाचं ऐकू येत नाई."

रंजीतानं काच वर केली नाही.

"जोड अर्धा हाय, भाऊ. मी थांबणार नाई, अन् तोवर हत्तीही थांबणार नाई."

"अवं, दोन शब्द हायत फक्त!"

"मंग बाहेर बोला. कडुलिंबाखाली चांगली सावली हाय."

आदेश तसाच वाकून राहिला. दाराशी इनायतभाई खोकत होते का हसत होते, कळलं नाही. साहेबानं खुर्ची स्वतः उचलली आणि तो अंगणात गेला. मागोमाग आदेश हार घेऊन, गुलाब, मलिकाबी आणि टपरीवरचे चार लोक. कडुलिंबाखाली टाळ्या वाजल्या. साहेब काय बोलला ते रंजीताला अजूनही माहीत नाही. तिनं रॉड बदलला, सोंड वीतभर पुढं ओढली, आणि जोडाचा उरलेला भाग घालायला घेतला.